१७५० फेऱ्यांचा हिशेब : मालाडच्या रस्त्यांवर ‘स्पोर्टी’ एसयूव्हीची पारख

मोटारीच्या माहितीपत्रकात सर्वांत ठळक छापलेला आकडा मालाडच्या रस्त्यावर महिनोन्महिने उपयोगात येत नाही. तो आकडा म्हणजे इंजिनाची कमाल शक्ती. १२० किंवा १३० पीएस हाती यायला इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांवर न्यावे लागते. एस. व्ही. रोडवर संध्याकाळी सात वाजता, किंवा राणी सती मार्गावरून पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागेपर्यंत, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या वर क्वचितच जाते. तरीही शोरूममध्ये चर्चा होते ती त्याच एका आकड्याची, आणि ग्राहक लाख-दोन लाख रुपये जास्त मोजतो तेही त्याच्याच भरवशावर.

म्हणून ‘स्पोर्टी’ या गुणाची आधी नीट व्याख्या करायला हवी. पाय दाबताक्षणी गाडीने द्यायचा प्रतिसाद, वळणावर तिने राखायचा तोल, ब्रेकवर असलेला विश्वास आणि या तिन्हींतली सलगता, असे या गुणाचे चार घटक मी धरतो. ते मोजायचे कुठे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मालाडचा माणूस आठवड्याचे पाच दिवस माइंडस्पेस, अंधेरी किंवा वांद्र्याकडे रखडत जातो. शनिवार-रविवारी तो कधी मढला, कधी कसारा घाटातून नाशिकला, कधी द्रुतगती मार्गाने पुण्याला जातो. दोन्ही ठिकाणी जी टिकेल तीच गाडी त्याच्यासाठी स्पोर्टी.

विवेचनासाठी मी महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ केंद्रस्थानी ठेवली आहे, आणि तिचेही थेट इंधन फवारणीचे टीजीडीआय इंजिन असलेले रूप. याच कंपनीची एक्सयूव्ही३०० २०१९ मध्ये आली. २०२२ मध्ये तिला टर्बोस्पोर्ट नावाने १३० पीएसचे इंजिन मिळाले, आणि एप्रिल २०२४ मध्ये ३एक्सओ या नव्या नावाने गाडी पुन्हा बाजारात आली. तिच्यासमोर टाटा नेक्सॉन, स्कोडा कायलॅक, ह्युंदाई व्हेन्यू एन लाइन आणि मारुती फ्रॉन्क्स अशा चार प्रतिस्पर्धी ठेवल्या आहेत. यांतल्या तिघी ३एक्सओसारख्याच महाराष्ट्राच्या मातीत घडतात. ३एक्सओ नाशिकला, नेक्सॉन रांजणगावला, कायलॅक चाकणला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची व्हेन्यू तळेगावला. मालाडच्या शेजारी कांदिवलीत महिंद्राचा कारखाना आहे. त्यामुळे इथल्या अनेक घरांत या कंपनीविषयी आधीच मत तयार असते, चांगले किंवा वाईट. ते या तुलनेत बाजूला ठेवावे.

चार मीटरची चौकट

या सगळ्या गाड्यांची लांबी ३९९० ते ३९९५ मिलिमीटर आहे. हा योगायोग नव्हे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, तेव्हा लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत अशी अट पडली. पुढे जीएसटी आला तरी ती रेषा राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर ती फार ठळक झाली आहे. रेषेच्या आतल्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी, बाहेरच्या गाडीला ४० टक्के. मारुती ब्रेझाची लांबी चौकटीत बसते, पण तिचे इंजिन १४६२ सीसीचे असल्याने तिला ४० टक्के लागतात. एरवी आरामदायी असलेली ही गाडी मी तुलनेतून वगळली ती यामुळे, आणि तिच्या इंजिनाला टर्बो नाही म्हणूनही.

या अटीमुळे अभियंत्यांपुढे एकच मार्ग राहिला. इंजिन लहान ठेवायचे आणि टर्बोने त्यात जास्त हवा कोंबायची. आपल्या तुलनेतल्या पाचही इंजिनांना तीनच सिलिंडर आहेत. ३एक्सओ आणि नेक्सॉनची बाराशे सीसीच्या काठावरची, उरलेल्या तिघींची एक लिटरची. एक लिटर आणि बाराशे सीसी यांतला हा फरकच पुढच्या हिशेबाचा पाया आहे.

ओढ

शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग, एवढे भौतिकशास्त्र शाळेत शिकलेले असते. माहितीपत्रक या गुणाकाराचे फक्त शिखर सांगते. आपल्याला हवा तो पायथा.

३एक्सओचे टीजीडीआय इंजिन २३० न्यूटन-मीटर टॉर्क १५०० ते ३७५० फेऱ्यांदरम्यान देते. कायलॅक १७८ न्यूटन-मीटर १७५० पासून. नेक्सॉन १७०, तेही १७५० पासून. व्हेन्यू १७२, १५०० पासून. फ्रॉन्क्स सुमारे १४८, पण २००० पासून. आता १७५० हा मुक्काम धरून गुणाकार करू. या वेगावर ३एक्सओच्या इंजिनाची शक्ती सुमारे ५७ पीएस भरते, कायलॅकची ४४, व्हेन्यूची ४३ आणि नेक्सॉनची ४२. पत्रकावर ३एक्सओ १३० आणि नेक्सॉन किंवा व्हेन्यू १२०, म्हणजे फरक जेमतेम आठ टक्क्यांचा. मालाडच्या रहदारीत इंजिन ज्या फेऱ्यांवर खरोखर चालते तिथे तो फरक तेहतीस-पस्तीस टक्क्यांवर जातो. पठाणवाडीच्या सिग्नलवर बसच्या मागून निघताना, किंवा महामार्गाच्या उड्डाणपुलावर अर्धा चढ चढून थांबलेली गाडी पुन्हा हलवताना चालकाला जाणवते ती हीच तफावत. आपण बोलताना जिला ‘पिकअप’ म्हणतो ती या पायथ्याशी असते.

या हिशेबावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला वजनाचा. कायलॅक सव्वा टनाच्या आसपास आहे आणि फ्रॉन्क्स एका टनाहून थोडीच जास्त. दर टनामागे टॉर्क काढला तर फ्रॉन्क्स आणि कायलॅक दोघी १४० न्यूटन-मीटरच्या जवळ येतात. हलकेपणाचा फायदा इतका मोठा असतो, आणि मारुतीचे अभियंते त्याबद्दल कौतुकाला पात्र आहेत. पण ३एक्सओचे वजन अगदी १४०० किलो धरले तरी तिचा आकडा १६४ येतो. दुसरा आक्षेप गिअरच्या गुणोत्तरांचा. कमी टॉर्कच्या इंजिनाला आखूड गिअर देऊन चाकावरची ओढ वाढवता येते, हे खरे. पण त्याची किंमत फेऱ्यांत मोजावी लागते. गिअर लवकर संपतो आणि पुढचा टाकावा लागतो. रखडत्या रहदारीत तो बदल दर मिनिटाला येतो.

टर्बोला दाब भरायला जो क्षण लागतो, ज्याला चालक ‘लॅग’ म्हणतात, तो यांपैकी कोणत्याच गाडीत शून्य नाही. कागदावर टॉर्क १५०० फेऱ्यांपासून मिळतो म्हणजे पाय दाबताच मिळतो असे नव्हे. फरक इतकाच की बाराशे सीसीच्या इंजिनात टर्बो जागा होण्यापूर्वीही थोडी जास्त ताकद असते. विजेवर चालणारी गाडी या एका कसोटीवर सगळ्यांना मागे टाकते, कारण तिच्या मोटरला टॉर्क पहिल्या फेरीपासून मिळतो. परंतु सोसायटीत चार्जिंगची सोय मिळवणे हा वेगळाच विषय आहे.

गिअरबॉक्स : मालाडची खरी परीक्षा

माझ्या मते मालाडमधल्या ग्राहकाने इंजिनापेक्षाही जास्त वेळ गिअरबॉक्सवर घालवावा. हा मुद्दा शोरूममध्ये कोणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो.

स्वयंचलित गाडीत इंजिन आणि चाके यांच्यामध्ये असे काहीतरी लागते की इंजिन फिरत राहील आणि गाडी मात्र उभी राहू शकेल. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हे काम तेल करते. इंजिनाकडचा पंखा तेल ढवळतो आणि ते तेल गिअरकडचा पंखा फिरवते. गाडी ताशी चार किलोमीटरने सरकत असली तरी मध्ये झिजणारे असे काही नसते. ३एक्सओ, कायलॅक आणि फ्रॉन्क्स या तिघींकडे हाच प्रकार आहे, सहा गिअरचा.

व्हेन्यूमध्ये दुहेरी क्लचचा सात गिअरचा डीसीटी आहे, तोही कोरड्या क्लचचा. मोकळ्या रस्त्यावर त्याच्यासारखा चपळ गिअर बदल दुसऱ्यात नाही. पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो, फक्त क्लच बदलायचा. पण रांगत्या रहदारीत तोच क्लच अर्धवट घसरत राहतो, आणि घर्षण म्हणजे उष्णता. मीठ चौकीच्या कोंडीत एप्रिलच्या दुपारी पाऊण तास सरकताना कोरड्या क्लचला थंड व्हायला वावच मिळत नाही. नेक्सॉनचा डीसीए हाही दुहेरी क्लचचाच, पण ओल्या क्लचचा आहे. क्लच तेलात असल्याने तो उष्णता जास्त सहन करतो, म्हणून व्हेन्यूपेक्षा या कामाला बरा. नेक्सॉनचा एएमटी, म्हणजे हाती गिअरबॉक्सच आपोआप चालवणारी सोय, स्वस्त पडतो, पण गिअर बदलताना गाडी मान डोलावते. स्पोर्टी गाडीच्या चर्चेत त्याचा विचारही नको.

डीसीटी वाईट नाही. नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या मोकळ्या रस्त्यावर मीही त्यालाच पहिली पसंती देईन. मालाडमध्ये तो चुकीच्या गावात आलेला आहे.

हाताने गिअर टाकायला आवडते त्यांच्यासाठी ३एक्सओ आणि कायलॅक दोन्हींत सहा गिअर आहेत. त्यात कायलॅकचा गिअर नेमका पडतो आणि क्लच हलका आहे. रोज दीड-दोन तास डावा पाय चालवायची तयारी असेल तर त्यातला आनंद कोणताही स्वयंचलित गिअरबॉक्स देऊ शकत नाही.

वळण, ब्रेक, खड्डा

मार्वे रोडवरून मालवणी ओलांडून आयएनएस हमलाजवळून मढकडे वळले की अरुंद, वळणावळणाचा रस्ता सुरू होतो. आक्सा, एरंगळ करत तो मढ जेटीपर्यंत जातो. समोरून बेस्टची २७१ येत असते, कडेला सायकली असतात. इथे वेग करायचा नसतो, पण स्टिअरिंग किती खरे बोलते ते ताशी चाळीसवरही कळते. या कसोटीवर कायलॅक निर्विवाद पहिली. तिचा सांगाडा कुशाक आणि स्लाव्हियाचाच आहे, आणि चाकाखाली काय चालले आहे ते तिच्या स्टिअरिंगमधून हाताला समजते. ३एक्सओचे स्टिअरिंग शहरात सुखद वाटावे इतके हलके आहे. तोच हलकेपणा घाटात अविश्वास निर्माण करतो. महिंद्राने यावर अजून मेहनत घ्यायला हवी होती. इंजिन एवढे समर्थ असताना ही उणीव जास्त खुपते.

चाकांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, यावरही विक्रेते भर देतात. ३एक्सओचा व्हीलबेस २६०० मिलिमीटर, नेक्सॉनचा २४९८. जोरात ब्रेक दाबल्यावर किती वजन पुढच्या चाकांवर सरकते याचा हिशेब केला, गुरुत्वमध्याची उंची ६० सेंटिमीटर आणि मंदन गुरुत्वाकर्षणाच्या आठ-दशांश धरले, तर नेक्सॉनमध्ये १९.२ टक्के आणि ३एक्सओमध्ये १८.५ टक्के वजन सरकते. म्हणजे तोलात विशेष फरक नाही. लांब व्हीलबेसचा खरा लाभ मागच्या सीटवर पाय ठेवायला मिळतो, आणि घरातली मोठी माणसे त्याबद्दल दुवा देतात.

ब्रेकबाबत ३एक्सओने चारही चाकांना डिस्क दिले आहेत आणि व्हेन्यू एन लाइननेही. कायलॅकच्या मागच्या चाकांना ड्रम आहेत. ताशी ६० वरून ८० ला गेलेल्या गाडीत गतिज ऊर्जा ७८ टक्क्यांनी वाढते, आणि ती सगळी ब्रेकने उष्णतेत बदलायची असते. घाटाच्या लांब उतारावर डिस्क ती उष्णता लवकर सोडतात. शहरात ड्रमही पुरतात.

खड्ड्यांत मात्र नेक्सॉन वरचढ. पेव्हर ब्लॉक उखडलेल्या गल्ल्या, काँक्रीट आणि डांबराच्या सांध्यावरची पायरी हे सगळे ती शांतपणे पचवते, आणि २०८ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्समुळे पोट घासत नाही. ३एक्सओ तिच्या मागोमाग आहे. कायलॅक कमी वेगात ताठ वाटते. वळणावर जो ताठपणा तिला जिंकून देतो तोच कुरार व्हिलेजच्या रस्त्यावर पाठीला जाणवतो.

पाणी

उंच गाडी म्हणजे पावसाळ्यात निर्धास्त, ही समजूत मुंबईत २६ जुलै २००५ नंतर फार रुजली. सांताक्रूझला त्या दिवशी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि बुडालेल्या छोट्या गाड्यांची दृश्ये लोक विसरले नाहीत. पण ही समजूत जिवावर बेतणारी आहे. जुलै २०१९ च्या सुरुवातीच्या अतिवृष्टीत मालाड सबवेतल्या पाण्यात अडकून दोन जण गाडीतच बुडून गेले. ती गाडी छोटी नव्हती, चांगली उंच एसयूव्ही होती.

या वर्गातल्या गाडीचा तळ सुमारे सहा चौरस मीटर धरा. तळाला पाणी लागल्यावर पुढच्या प्रत्येक दहा सेंटिमीटर पाण्यामागे ६०० किलोचा वर उचलणारा जोर तयार होतो. म्हणजे १३०० किलोची गाडी तळाच्या वर वीस-बावीस सेंटिमीटर पाणी चढले की तरंगण्याच्या बेतात येते. त्यात वीस सेंटिमीटर ग्राउंड क्लिअरन्स मिळवला तर रस्त्यावरचे पाणी झाले चाळीस-बेचाळीस सेंटिमीटर, साधारण गुडघ्याच्या आसपास. त्यानंतर टायर रस्ता सोडतात आणि चालकाच्या हाती काही राहत नाही. दाराचेही तसेच. एक मीटर रुंद दाराला बाहेरून अर्धा मीटर पाणी लागले तर सव्वाशे किलोच्या आसपास जोर दार दाबून धरतो. नेक्सॉनचे २०८, ३एक्सओचे २०१, कायलॅकचे १८९ या आकड्यांतल्या दोन सेंटिमीटरच्या फरकाने यात काहीही बदलत नाही. सबवेत पाणी दिसले की कोणतीही गाडी मागे वळवावी. अडकलोच तर वीज चालू आहे तोवर काच खाली करून बाहेर पडावे. या कसोटीवर मी कोणत्याच गाडीला गुण देत नाही.

सुरक्षा आणि जागा

सुरक्षेबाबत या वर्गाने खरोखर अभिमान वाटावा अशी प्रगती केली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉन ही ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची मोटार ठरली. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झाले. त्यात प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी ३२ पैकी कायलॅकला ३०.८८, नेक्सॉनला २९.४१ आणि ३एक्सओला २९.३६ गुण आहेत. तिघींनाही पाच तारे. हे अंतर निर्णय फिरवण्याइतके नाही.

जागेत कायलॅकची ४४६ लिटरची डिकी सर्वांत मोठी. रुंदीत ३एक्सओ १८२१ मिलिमीटर, नेक्सॉन १८०४, कायलॅक १७८३, फ्रॉन्क्स १७६५. पुनर्विकास झालेल्या इमारतीत यांत्रिक पार्किंग असेल तर गाडी बुक करण्यापूर्वी त्या पाळण्याची रुंदी, उंची आणि वजनाची मर्यादा सोसायटीच्या कार्यालयातून लिहून घ्यावी. आरसे उघडे असतानाची रुंदी माहितीपत्रकात बहुधा नसते, ती टेपने मोजावी.

खर्चाचे थोडक्यात. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवर वाहनकर दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांदरम्यान १२ टक्के आहे, म्हणून दहा लाखांच्या सीमेवरचे मॉडेल निवडताना ऑन-रोड किंमत विचारावी. ॲव्हरेजमध्ये फ्रॉन्क्स पुढे. ३एक्सओ टीजीडीआय स्वयंचलितचा जाहीर आकडा लिटरला १८.२ किलोमीटर आहे. मालाडच्या कोंडीत तो मिळणार नाही हे गृहीत धरूनच हिशेब करावा.

निर्णय

टेस्ट ड्राइव्ह दुपारी मोकळ्या लिंक रोडवर घेऊ नका. संध्याकाळी साडेसहाला घ्या. सोसायटीच्या रॅम्पवरून सुरू करा, एस. व्ही. रोडवर रखडा, महामार्गाच्या उड्डाणपुलावर चढात थांबून पुन्हा निघा, आणि जमल्यास मार्वे रोडने आक्सापर्यंत जाऊन या. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मागे बसवा.

रोज मालाडमध्ये स्वयंचलित गाडी चालवायची आणि सुटीत घाट चढायचा असेल, तर माझे मत एक्सयूव्ही ३एक्सओ टीजीडीआयला. तिच्या स्टिअरिंगची उणीव मान्य करून, कमी फेऱ्यांवरची ओढ, टॉर्क कन्व्हर्टर आणि चार डिस्क या तिन्हींचा एकत्रित लाभ या किमतीत दुसरीकडे नाही. गाडी चालवणे हाच ज्याचा छंद आहे आणि क्लचचा कंटाळा नाही, त्याने हाती गिअरची कायलॅक घ्यावी. घरात पाठीचे दुखणे असेल तर नेक्सॉन, पैसे आणि पेट्रोल वाचवायचे असेल तर फ्रॉन्क्स. व्हेन्यू एन लाइन मालाडकरांनी डीसीटीशिवाय, हाती गिअरचीच घ्यावी.